उभ्या पिकअपचा हिशेब

मोताळा तालुक्यात मालवाहू पिकअपला दसऱ्यापासून माघ-फाल्गुनापर्यंत उसंत नसते आणि उरलेले सहा-सात महिने ती बहुतेक दारात उभी असते. आधी सोयाबीन आणि मका निघतो, सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू होते, पाठोपाठ तूर आणि हरभरा येतो. उन्हाळ्यात लग्नसराईची, विटा-रेतीची आणि जनावरांच्या चाऱ्याची थोडी भाडी मिळतात. पावसाळा लागला की खत-बियाण्यांच्या आठ-पंधरा दिवसांनंतर गाडीवर ताडपत्री पडते. जुनी पिकअप परवडते की नाही, हा प्रश्न गावोगावी विचारला जातो तेव्हा उत्तरादाखल बहुधा दुरुस्तीची बिले पुढे येतात : क्लचला इतके गेले, पंपाला तितके गेले. ती बिले खरी आहेत, पण त्यांच्यावरून निर्णय करणे चुकीचे आहे. चालताना गाडीला काय लागते हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती उभी असताना काय लागते हेही महत्त्वाचे आहे. इथल्यासारख्या हंगामी मुलखात तर दुसरा प्रश्नच निर्णायक ठरतो. जुन्या पिकअपचा मोठा गुण एकच : ती उभी राहिली तरी मालकाला फारसे खात नाही. हा गुण ज्याने राखला त्याला ती परवडते. ज्याने तो घालवला, त्याच्या हाती फक्त जुनेपण उरते.

आधी गाडीला काम काय पडते ते पाहू. मोताळा बुलढाणा आणि मलकापूर यांच्या मध्ये आहे. दक्षिणेला राजूर घाट चढून बुलढाण्याच्या पठारावर जावे लागते. उत्तरेला रस्ता उतरत पूर्णेच्या खोऱ्याकडे, मलकापूरच्या बाजार समितीकडे, जिनिंगांकडे, रेल्वे स्टेशनाकडे आणि जुन्या सहा नंबरच्या, म्हणजे आताच्या ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाकडे जातो. धामणगाव बढे, पिंपळगाव देवी, रोहिणखेड, शेलापूर, तरोडा या गावांतला माल आधी शेतरस्त्याने किंवा पांदणीने डांबरी रस्त्यावर यायचा आणि मग पुढे जायचा. म्हणजे एकाच फेरीत गाडीला चिखल-खड्डे, घाट आणि महामार्ग हे तिन्ही भेटतात. माल दोन तऱ्हांचा. मका, सोयाबीन, हरभरा हा वजनाचा माल, कट्टे रचले की हौदा भरण्याआधीच गाडी दबते. कापूस उलटा : वजन भरण्याआधी हौदा भरतो, मग फळ्या आणि बांबू लावून रास वर चढवतात. त्यामुळे गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती कलते. एकाच गाडीने ही दोन्ही कामे करायची, तर तिचा मागचा भाग आणि तिचे ब्रेक हीच तिची खरी परीक्षा असते.

या मुलखात फिरणाऱ्या गाड्यांची वंशावळ बरीचशी महाराष्ट्रातलीच आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मेटॅडोरने खेड्यांना छोट्या मालवाहू गाडीची सवय लावली. टाटांची ४०७ १९८६ साली आली, १९८८ साली टाटामोबाइल आली आणि तिच्याच घराण्यातली २०७ पुढे वर्षानुवर्षे चालली. २००० साली बोलेरो आली. तिच्या नावाची पिकअप आज वऱ्हाडातल्या कुठल्याही बाजार समितीच्या फाटकाशी सहज दिसते. २००५ साली आलेल्या टाटा एसला लोकांनी छोटा हत्ती म्हटले, २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ग्राहकाने मॉडेलच्या नावाइतकेच तारखांकडे पाहावे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-३ वाहनांची विक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. ढोबळमानाने पहिल्या तारखेआधीच्या पिकअपचा डिझेल पंप यांत्रिक असतो. त्यानंतरच्या गाड्यांत कॉमन रेल, सेन्सर आणि इंजिनाचा संगणक आला. दुसऱ्या तारखेनंतर धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी आणि काही मॉडेलांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही आली. पहिल्या जातीची गाडी मलकापूर-खामगावच्या पंप-नोझलवाल्याकडे दुरुस्त होते. नंतरच्या जातीची गाडी अडली, तर तिला आधी संगणक लावून दोष वाचावा लागतो. म्हणून 'जुनी गाडी' या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. आठ वर्षांची कॉमन रेल गाडी पंधरा वर्षांच्या यांत्रिक पंपाच्या गाडीपेक्षा तरुण खरी, पण तिचे इंजेक्टर गेले तर एका झटक्यात जाणारी रक्कम मोठी असते. कॅनमधून ओतलेले, धूळ-पाणी मिसळलेले डिझेल ती सहन करत नाही. यांत्रिक पंप ते बरेच सोसतो.

दोषांचा आढावा मागच्या पाट्यांपासूनच घेतला पाहिजे, कारण पिकअपचे म्हातारपण तिथून सुरू होते. पाटा तुटला की तो बदलता येतो, ती किरकोळ गोष्ट. पण बहुतेक मालक तुटलेल्या पाट्याच्या जागी एक जादा पाटा घालून घेतात, गाडी दबू नये म्हणून. गाडी मग खरोखरच दबत नाही. मात्र जो हिसका पाटे वाकून गिळत होते तो आता पाट्यांच्या हँगरमधून थेट चेसीत जातो. अशा गाडीखाली रिकाम्या अवस्थेत टॉर्च घेऊन वाकले, तर मागच्या हँगरच्या रिबिटांभोवती गंजाची बारीक लाल रेघ दिसते, कधी तिच्यावरून फिरवलेली वेल्डिंगची माळ दिसते, तर कधी ताजा काळा रंग दिसतो. हा ताजा रंग सगळ्यांत वाईट. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांवर जड वाहने चालवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांनी एक ढोबळ नियम काढला : आसावरचे वजन वाढते त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याचे नुकसान वाढते. आसावर दीडपट वजन टाकले, तर नुकसान पाचपट. हा नियम रस्त्याचा आहे, पण पोलादाची थकण्याची रीतही अशीच चढती आहे. भार थोडा वाढला, तरी ते सोसू शकेल अशा हिसक्यांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटते. म्हणून 'पाचच क्विंटल तर जास्त टाकले' हे वाक्य हिशेबात बसत नाही. ते पाच क्विंटल जवळजवळ सगळे मागच्या आसावर पडतात. त्यात हौद्यात नेलेल्या युरियाच्या आणि इतर खतांच्या गोण्यांतून सांडलेली पूड पावसाच्या पाण्याबरोबर पत्र्याच्या सांध्यांत आणि चेसीवर उतरते आणि लोखंड आतून खाते. हौद्याचा पत्रा बदलता येतो. चेसीवर कोरलेला नंबर गंजाने वाचता येईनासा झाला, तर परिवहन कार्यालयातले काम अडते ते वेगळेच.

दुसरा मोठा दोष उष्णतेचा. जिनिंगच्या आवारात रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या पट्ट्यांत कापसाचे तंतू आणि धूळ बसून त्यांचा जाड थर होतो. आतून विहिरीचे, बोअरचे जड पाणी क्षार सोडते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्याकडे भाडी करणाऱ्या गाडीत वाटेत जे मिळेल ते पाणी ओतले जाते, तिथे हा त्रास आणखी वाढतो. गाडी तापू लागली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्या दिवशी काटा खाली येतो आणि मालक समाधानाने घरी जातो. पण त्यानंतर इंजिन हिवाळ्यातल्या सकाळी योग्य तापमानाला यायला फार वेळ घेते, डिझेल जास्त पिते आणि सिलिंडरची झीज वाढते. खरा रोग, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, तसाच राहतो आणि एप्रिलमध्ये भरल्या गाडीने राजूर घाट चढताना हेड गॅस्केट उडते. कुलंटचे दोन डबे आणि रेडिएटर खोलून धुण्याची मजुरी यांत जे निभावले असते ते हेड उतरवण्यावर, फेसिंगवर, कधी अर्ध्या इंजिनाच्या कामावर जाते. जुन्या डिझेल इंजिनाची तब्येत पाहण्याची साधी रीत सगळे मिस्त्री जाणतात : इंजिन थंड असताना चालू करायचे, चालू इंजिनावर तेलाचे झाकण काढायचे आणि तिथून धूर झटक्याने बाहेर पडतो का ते बघायचे. पडत असेल तर इंजिन बॅक मारते, म्हणजे रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत. विकणारा आधीच अर्धा तास गाडी गरम करून ठेवत असेल, तर संशय घ्यावा, कारण थंड इंजिनाचे सुरू होणे, त्याचा पहिला धूर आणि पहिली खडखड यांतच त्याचे वय कळते.

घाटामुळे क्लच आणि ब्रेक यांची झीज सपाटीपेक्षा लवकर होते हे उघड आहे. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधावर गाडी उतरवणारा चालक आणि न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा चालक यांच्या लायनरांच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. शिवाय तापलेल्या ड्रमवर लायनर पकड सोडतात तेव्हा खाली वळण असते. वायरिंग, सेल्फ, डायनामो, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट यांबद्दल फार लिहायला नको. ही कामे मोताळ्यात किंवा मलकापुरात एका दिवसात होतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. टायरांबाबत एवढेच, की रिमोल्ड टायर पुढच्या चाकांना लावू नये.

आता उभ्या गाडीच्या खर्चाकडे वळू. साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनाचा थर्ड पार्टी विमा जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला १६,०४९ रुपये, वर जीएसटी. गाडी काल घेतलेली असो की सतरा वर्षांची, रक्कम तीच. ती वर्षात तीस हजार किलोमीटर चालो की सहा हजार, तरीही तीच. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र पहिल्या आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. २०२१ च्या अधिसूचनेने पंधरा वर्षांपुढच्या ट्रक-बससाठी या प्रमाणपत्राचे शुल्क दीड हजारांवरून साडेबारा हजारांवर नेले, हलक्या वाहनांचेही त्या खालोखाल वाढवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये वयाचे टप्पे दहा वर्षांपासूनच सुरू झाले आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांवर सर्वांत जड शुल्क बसले. राज्यात आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक वाहनांवर पर्यावरण कर आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या प्रत्येक वाहनाला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवावी लागली. हा सगळा खर्च गाडी दारात असतानाही होतो. तो एकत्र केला तर जुन्या पिकअपवर वर्षाकाठी पंचवीस-तीस हजारांच्या आसपास बसतो असे धरायला हरकत नाही. रक्कम लहान नाही. पण ती मालकाला आधीपासून माहीत असते, तिच्या तारखा ठरलेल्या असतात आणि कापसाच्या पैशातून ती बाजूला काढता येते.

हिशेब करून पाहू. नवी पिकअप दहा लाखांना, त्यात आठ लाख कर्ज, पाच वर्षे, व्याज ११ टक्के : मासिक हप्ता सुमारे १७,४०० रुपये येतो. पाच वर्षांनी गाडी पाच लाखांना विकली जाईल असे धरले, तर किमतीतली घट वर्षाला एक लाख, कर्जाचे व्याज वर्षाला सरासरी ४९ हजार आणि स्वतःच्या दोन लाखांवरचे बुडालेले व्याज १४ हजार. किरकोळ देखभाल १५ हजार धरली की एकूण १,७८,००० रुपये. याउलट तीन लाख रोख देऊन घेतलेली जुनी पिकअप : दुरुस्ती आणि टायर मिळून ६० हजार, किमतीतली घट २५ हजार, बुडालेले व्याज २१ हजार. जुनी लिटरला अकरा आणि नवी चौदा किलोमीटर देते, डिझेल ९० रुपये, असे धरले तर किलोमीटरला पावणेदोन रुपये जादा. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ते १४ हजार होतात. बेरीज १,२०,०००. सक्तीचा विमा दोघींना सारखाच, म्हणून तो बाजूला ठेवला. योग्यता शुल्क आणि पर्यावरण कर जुनीच्या अंगावर टाकले, तरी ती चाळीस-पंचेचाळीस हजारांनी स्वस्त राहते. हेच गणित तीस हजार किलोमीटरला मांडले तर चित्र उलटते. जादा डिझेलच ५२ हजारांवर जाते, दुरुस्ती दीड लाखाच्या पुढे सरकते आणि नवी गाडी बरोबरीला येऊन पुढे जाते. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण फिरण्याची रेघ वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास येते. मोताळ्याच्या हंगामी भाड्यांतून, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर धरून, चार महिन्यांत सात-आठ हजारच होतात. रोज दूध, भाजी किंवा किराणा मालाची फेरी करणारा याला अपवाद आहे आणि त्याने नवीच गाडी घ्यावी.

इथे एक सबळ आक्षेप येतो. सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. शोरूमची किंमत त्यामुळे जवळपास आठ टक्क्यांनी उतरली. दहा लाखांच्या गाडीमागे पाऊण लाखाहून जास्त वाचतात, मग जुनीचा मोह कशाला? फरक कमी झाला हे खरे. पण नवी स्वस्त होते तेव्हा वापरलेल्या गाडीचा भावही खाली ओढला जातो. शिवाय राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर जाहीर केला. नव्या गाडीच्या सवलतीतला मोठा भाग तिकडे जातो. किमती वर-खाली झाल्या, तरी वर्षाला किती चालणार हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

या आढाव्यातला मुख्य मुद्दा कर्जाचा आहे. जुन्या व्यावसायिक गाड्यांना कर्ज मिळणे अवघड राहिलेले नाही. १९७९ साली सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्टने वापरलेल्या ट्रकांवर कर्ज देण्याचा मोठा धंदा उभा केला आणि आता अनेक वित्त कंपन्या ते देतात. ज्याला बँक दारात उभे करत नव्हती अशा चालकाला त्यामुळे मालक होता आले, ही त्यांची कामगिरी मान्य केलीच पाहिजे. पण अडीच लाखांचे कर्ज २० टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ९,३०० रुपये आणि एकूण व्याज ८४ हजार. वर्षाला २८ हजार व्याज ही रक्कमही एखाद्याला झेपेल. न झेपणारी गोष्ट हप्त्याची तारीख आहे. गाडी सात महिने उभी असते त्या काळात ६५ हजार रुपये निघून जातात. वर धरलेला वर्षाचा दुरुस्तीचा पैसा साठ हजार होता. म्हणजे पाट्यांचा, रेडिएटरचा, लायनरचा पैसा हप्त्यात जातो. दसऱ्याआधी जी गाडी खाली उतरवून नीट करायची ती तशीच हंगामात घातली जाते आणि कापसाची रास भरलेली असताना, भाव चांगला असताना, रस्त्यात उभी राहते. हप्ता चुकू नये म्हणून मालक दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत टाकतो, त्याने पाटे आणि चेसी जातात, त्यांच्या दुरुस्तीसाठी पुन्हा उसने काढतो. उभी राहण्याची मुभा हाच जुन्या गाडीचा फायदा. हप्ता ती मुभाच काढून घेतो. कर्ज काढायचेच असेल, तर ते नव्या गाडीसाठी काढावे, जिला रोजचे काम आहे. जुनी गाडी रोखीने घ्यावी. रोख कमी असेल, तर कमी किमतीची घ्यावी आणि खरेदीच्या किमतीतला पाचवा हिस्सा पहिल्या दोन महिन्यांच्या दुरुस्तीसाठी हातात राखून ठेवावा.

यावर धंद्यातले लोक एक गोष्ट कळवळून सांगतात, ती टाळून चालणार नाही. जास्त माल टाकल्याशिवाय भाडे सुटतच नाही, शेतकरी क्विंटलवर भाडे देतो, दुसरा गाडीवाला वीस क्विंटल नेतो तिथे मी पंधरा नेले तर मला बोलावणार कोण? ही अडचण खरी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे. पण दंड कधीतरी होतो आणि भाडे रोज हवे असते, त्यामुळे दंडाच्या धाकाने कोणी थांबत नाही. थांबावे ते गाडीच्या हिशेबाने. जादा पाच क्विंटलांचे भाडे हातात रोख दिसते. त्याची किंमत पाटे, टायर, बेअरिंग, क्लच यांत सहा महिन्यांनी निघते आणि तेव्हा त्या दोहोंचा संबंध कोणी लावत नाही. ज्याने वहीत फेरीगणिक वजन लिहिले आहे त्यालाच तो दिसेल. शिवाय वीस क्विंटलांची स्पर्धा जुन्या गाडीने करूच नये. जास्त क्षमतेची नवी पिकअप ते काम रीतसर करते. जुन्या गाडीचा खरा गिऱ्हाईक वेगळा असतो : ज्याचे पाच-सात क्विंटल आहेत, ज्याला मलकापूरचा आजचाच बाजार गाठायचा आहे आणि ज्याच्या शेतापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पिकअप यांखेरीज दुसरे काही जात नाही.

कागदपत्रांकडे इंजिनाइतकेच लक्ष हवे. आपल्याकडे मालकी बदलाचे सही केलेले टीटी फॉर्म घेऊन गाडी दोन-तीन हातांतून जाते आणि नोंदणी मूळ मालकाच्या नावावर राहते. विकणाऱ्यालाही याची चिंता वाटली पाहिजे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अपघाताच्या वेळी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. घेणाऱ्याने वित्त कंपनीचा बोजा उतरल्याचे पत्र, कराची पावती, थकलेले ई-चलान आणि योग्यता प्रमाणपत्राची तारीख हे सगळे पैसे देण्याआधी पाहावे. चालकाच्या परवान्याची एक जुनी कटकट मात्र मिटली आहे : नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ठरवले, की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो. विमा कंपनी आता त्या कारणाने हात वर करू शकत नाही. एकूण वजन तीन टनांच्या आत असेल, तर मालवाहतुकीचा परमिटही लागत नाही, आणि कमी फिरणाऱ्या मालकाने गाडी निवडताना ही सोय ध्यानात घ्यावी.

पण परमिट लागत नाही म्हणून माणसे भरता येत नाहीत. लग्नाचे वऱ्हाड, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, यात्रेला निघालेली मंडळी पिकअपच्या हौद्यात बसतात, दुसरे वाहन वेळेवर नसते म्हणून बसतात. डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मालवाहू गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्यांच्या मृत्यूची किंवा जखमांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणजे सोळा हजारांचा विमा भरलेला असूनही त्या बायांच्या घरच्यांना विमा कंपनीकडून पैसा मिळेल याची खात्री नाही, आणि मालकाची शेती विकली तरी ती भरपाई पुरी होईलच असे नाही. जुन्या गाडीचे ब्रेक, घाट आणि उंच हौद्यातली माणसे हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नयेत, एवढे तरी प्रत्येक मालकाच्या हातात आहे.

शेवटचा आक्षेप धुराचा. बीएस-३ च्या काळातले इंजिन नव्या इंजिनापेक्षा कितीतरी जास्त काजळी सोडते आणि ती गावातल्या माणसांच्याच छातीत जाते. त्या काळचे डिझेल दशलक्षाला ३५० भाग गंधकाचे होते, आज पंपावर मिळते ते १० भागांचे. इंधन सुधारले म्हणून जुने इंजिन निर्दोष ठरत नाही, पण नोझल आणि पंप वेळेवर बसवलेली, वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणारी गाडी आणि तीस हजार चालणारी, कानाडोळा केलेली गाडी यांच्या धुरात मोठे अंतर आहे. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल, मालकाच्याच खिशातले, त्यामुळे या बाबतीत त्याचा आणि गावाचा स्वार्थ एकच आहे. दिल्लीसारखी वयावर आधारलेली बंदी बुलढाण्यात नाही आणि ती नसावी, कारण वय आणि अवस्था या वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र गाडी कधी सोडायची याची सीमा मालकाने स्वतः आखली पाहिजे. इंजिन दुसऱ्यांदा उघडता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. हँगरजवळ एकदा वेल्डिंग केलेल्या चेसीला त्याच जागी पुन्हा तडा गेला, तर ती गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला रंग मारून विकू नये. ऑगस्ट २०२१ च्या धोरणाप्रमाणे नोंदणीकृत भंगार केंद्रात ती दिली, तर ठेव प्रमाणपत्र मिळते, नोंदणी रीतसर रद्द होते आणि पुढच्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. गावातल्या भंगारवाल्याने दोन-चार हजार जास्त देऊ केले, तरी नोंदणी मालकाच्या नावावर जिवंतच राहते, आणि तिच्या चेसी नंबराने पुढे काय होईल ते त्याच्या हातात राहत नाही.